'शुद्ध अंतःकरण' आणि 'निष्कपट विश्वास' यात फरक काय?

बायबलमधल्या १ तीमथ्य १:५ मध्ये एकाच दमात शुद्ध अंतःकरण, चांगला विवेकभाव आणि निष्कपट विश्वास असं तिन्ही येतं. विवेकभाव कळला, पण शुद्ध आणि निष्कपट मला सारखेच वाटतात. संडे स्कूलच्या मुलांना निष्कपट म्हणजे 'भोळा' असं सांगितलं तर चालेल का?

*

भोळा नका सांगू ताई. भोळ्याला कोणीही गंडवतं, आणि मत्तय १०:१६ मध्ये सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी व्हा म्हणताना प्रभू कबुतराच्या आधी सापाचं नाव घेतो, म्हणजे चतुरपणाही हवाच आहे. तिथे कबुतराच्या त्या निरुपद्रवीपणासाठी जो ग्रीक शब्द आहे, अकेरायोस, त्याचा अर्थच मुळात 'भेसळ नसलेलं'.

निष्कपटसाठी मुळात अनुपोक्रितोस आहे. हुपोक्रितेस म्हणजे नाटकातला नट, त्याला नकार जोडला की झालं 'नाटक नसलेला'. आता हे मी स्वतःवरूनच सांगतो, घरी माझी प्रार्थना दोन वाक्यांत उरकते, तीही अर्धी जांभई देत, आणि प्रार्थनासभेत पाळकसाहेब शेजारी बसले की तोच मी 'हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या' पासून सुरू करतो, आवाज खाली उतरतो, मध्येच एक हुंदकापण येतो. बायकोने एकदा घरी येताना विचारलं, आज कोण प्रार्थना करत होतं? त्या दिवशी मला अनुपोक्रितोस कळला, डिक्शनरी नंतर उघडली. शब्द खोटे नव्हते हो माझे, पण ऐकणारा देव नव्हता.

*

छान. फक्त 'शुद्ध'चं राहिलं. त्याचा ग्रीक शब्द कथारोस, हा रोजच्या वापरातला शब्द, धुतलेलं कापड, स्वच्छ पाणी, गाळून काढलेला धातू सगळ्याला चालतो. आपण शुद्ध म्हटलं की लगेच डाग, विटाळ, सोवळं तिकडे जातो आणि मग 'जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य' (मत्तय ५:८) वाचून माणूस खचतो की आपण कधी इतके स्वच्छ होणार. पण याकोब ४:८ बघा, तिथे अंतःकरणं शुद्ध करा असं कोणाला म्हटलंय, द्विबुद्धीच्या लोकांना! मूळ शब्द दिप्सुखोस, शब्दशः दोन जिवांचा. म्हणजे शुद्धच्या उलट मळकट नाही, दुभंगलेलं. शुद्ध सोनं म्हणताना आपण तरी कुठे ते धुतलेलं आहे का बघतो, दुसरं काही मिसळलंय का तेच बघतो ना.

म्हणून माझ्या मते फरक असा की शुद्ध हे आतलं, मन एकाच ठिकाणी आहे का, आणि निष्कपट म्हणजे आत आहे तेच बाहेर दिसतंय का.

*

थोडं अवांतर, 'अंतःकरण' हा शब्द निवडणाऱ्याला सलाम. हृदय म्हटलं की आपल्याकडे नुसत्या भावना येतात, हृदयासाठीच्या हिब्रू लेव मध्ये विचार, निर्णय सगळं बसतं, आणि आपल्या जुन्या अंतःकरणातही मन, बुद्धी, चित्त, अहंकार चारही आहेतच. स्तोत्र ५१:१० मध्ये दावीद 'धुऊन दे' एवढ्यावर थांबत नाही (ते आधी मागून झालंय), शुद्ध हृदय 'उत्पन्न कर' म्हणतो, आणि ते क्रियापद उत्पत्ती १:१ मधलंच, बारा. आकडा नव्हे 😀

*

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मग मुलांना निष्कपट म्हणजे 'पोटात एक ओठात एक नसलेला' सांगते. पण द्विबुद्धीचं काय करू?

*

'दोन डगरींवर हात' सांगा.

*

डगर म्हणजे काय विचारतील.

*

विचारू देत, नदीचा उंच काठ. फळ्यावर दोन काढा आणि मधे एक माणूस लटकवा.