झाडावरच्या फुलाचा वास बाटलीत सापडला का? (अनुभव धागा)

फुलांची नावं लावलेले परफ्यूम ढिगाने मिळतात. बाटली उघडली की गुलाब कळतो, मोगरा कळतो, पण तो ओळखीपुरता. झाडावरचं फूल हुंगताना नाकात आणखी बरंच काही शिरतं: देठाचा हिरवेपणा, ओलावा, पाकळीच्या बुडाशी असलेला जरासा कडवट, कुजका अंश. ते सगळं गाळून गोडवा तेवढा ठेवलेला असतो. क्वचित एखादी कुपी मात्र अशी निघते की मागे वळून झाड शोधावंसं वाटतं. अशा कुप्यांसाठी हा धागा. फूल असो वा फळ, नेमका कुठला भाग खरा वाटला ते जरूर लिहा. ‘छान आहे, खूप टिकतं’ एवढ्यावर थांबू नका.

सुरुवात मीच करते, निशिगंधापासून. सुगंधकार दोमिनिक रोपिओं यांनी २००५ साली फ्रेदेरिक माल या परफ्यूम कंपनीसाठी केलेलं ‘कार्नल फ्लॉवर’. निशिगंध गोड असतो हे सगळेच सांगतात. पण कळी उमलताना अगदी जवळ नाक नेलं तर आधी निलगिरी-कापरासारखी थंड झुळूक येते, मग ठेचलेल्या देठाचा हिरवा रस, आणि मगच तो लोण्यासारखा जड, खोबरेलाकडे झुकणारा गोडवा. या परफ्यूममध्ये पहिल्या काही मिनिटांत हा क्रम तसाच्या तसा येतो. एका संध्याकाळी मनगटावर एक फवारा मारला आणि कुंडीतल्या दांड्याशी उभी राहून आळीपाळीने दोन्ही हुंगत राहिले. फरक उरला तो रात्री. अंधार पडला तसं फूल वाढत गेलं आणि मनगट विझत गेलं. निशाचर पतंगांना बोलावणारं फूल रात्रीच जोर धरणार, बाटलीला ते कुठून जमावं?

* * *

उत्तम विषय. माझं घोडं मोगऱ्यावर अडलेलं आहे.

मोगरा-जाईच्या वासात इंडोल नावाचं संयुग असतं. शुद्ध आणि दाट स्वरूपात त्याला डांबरगोळीसारखा, काहींच्या मते सरळ विष्ठेसारखा वास येतो. फुलात त्याचं प्रमाण थोडं असतं, पण तेच काढून टाकलं की उरतो तो शाम्पू. रसायनशास्त्र शिकत असताना मी एक साधा प्रयोग केला होता. इंडोल नसलेलं जाईचं मिश्रण एका कागदी पट्टीवर आणि त्याच मिश्रणात इंडोलचा अगदी पातळ केलेला थेंब घालून दुसऱ्या पट्टीवर. पहिलीला सगळे ‘स्वच्छ’ म्हणाले. दुसरी नाकाशी नेली तेव्हा एकजण एकदम म्हणाला, “हे फूल आहे.”

त्यामुळे मोगऱ्याचं परफ्यूम घेताना मी आधी त्यातली घाण शोधतो. ती सापडली नाही तर बाटली परत ठेवतो. दुसरी वस्तू हेडिओन. जाईच्या सुगंधाशी नातं सांगणारं हे संयुग १९६६ च्या ‘ओ सोव्हाज’मध्ये एदमों रूद्नित्स्का यांनी वापरलं आणि तिथून ते सगळीकडे पोचलं. ते स्वतः फारसं बोलत नाही, पण त्याच्यामुळे फुलाभोवती हवा खेळती वाटते. इंडोल फुलाला शरीर देतं आणि हेडिओन अंतर.

* * *

रूद्नित्स्कांचं नाव आलंच आहे तर त्यांच्याच ‘डिऑरिसिमो’ या परफ्यूमवर लिहिते. साल १९५६, फूल लिली ऑफ द व्हॅली. घंटेसारखी इवली पांढरी फुलं येतात ती. या फुलातून वापरण्याजोगा अर्क निघतच नाही. ऊर्ध्वपातन करा, द्रावकात भिजवा, हाती काही लागत नाही. म्हणून त्यांनी बागेत हीच फुलं लावली, त्यांच्यापाशी बसून वास अभ्यासला आणि दुसऱ्या घटकांतून तो उभा केला.

म्हणजे धाग्यात विचारलेला सगळ्यात जिवंत वास अशा फुलाचा आहे, ज्याचा एक थेंबही बाटलीत नाही. मी खरं फूल आधी हुंगलं होतं, परफ्यूम नंतर मिळालं. पाकळ्यांखालच्या ओल्या मातीसकट सगळं त्यात होतं.

होतं असंच म्हणावं लागतं. या प्रकारच्या वासासाठी सर्रास वापरलं जाणारं लिलिअल हे संयुग मार्च २०२२ पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांतून बाद झालं. आरोग्याच्या कारणासाठी घेतलेला निर्णय आहे, माझी तक्रार नाही. पण त्या धक्क्यात या फुलाच्या किती तरी परफ्यूमना सूत्रं बदलावी लागली. माझ्याकडच्या एकाची जुनी आणि नवी बाटली शेजारी ठेवली तर नवीत फूल आहे, बाग नाही.

* * *

सुगंधाच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केलेलं असल्याने ‘जिवंत फूल’ या शब्दांमागची कृती सांगतो. फूल तोडायचं नाही. झाडावरच त्याच्यावर काचेची छोटी घुमटी बसवायची, आतली हवा हळूहळू ओढून वास धरून ठेवणाऱ्या पदार्थातून न्यायची आणि जे अडकलं त्याचं यंत्रावर पृथक्करण करायचं. याला हेडस्पेस म्हणतात. जिवोदाँ या सुगंध बनवणाऱ्या कंपनीचे रोमन कायझर हे यातलं मोठं नाव. दुसरे आयएफएफ या तशाच कंपनीचे ब्रज मुखर्जी. तोडलेल्या आणि झाडावरच्या फुलाच्या वासाची घडणच बदलते, हे त्यांनी मोजून दाखवलं.

१९९८ मध्ये डिस्कव्हरी यानातून गुलाबाचं एक छोटं रोप अवकाशात पाठवलं होतं. तिथे त्याच्या सुगंधाची घडण पृथ्वीवरच्यापेक्षा वेगळी निघाली आणि त्यावरून पुढे परफ्यूममध्ये वापरायचा सुगंधही बनवला गेला.

एक सावधगिरी मात्र हवी. घुमटीतून मिळते ती यादी. यंत्राला न दिसणारी, पण नाकाला जाणवणारी संयुगं त्यात सुटू शकतात. यादीबरहुकूम केलेलं मिश्रण कित्येकदा सपाट लागतं, मग कसबी नाकाचा माणूस बसून ते दुरुस्त करतो. बाटलीवर ‘हेडस्पेस’ लिहिलंय म्हणून भुलू नका.

* * *

फळांवर कुणीच लिहिलं नाही अजून! लिंबू-संत्र्याच्या सालीत तेल असतं, ते पिळून निघतं. आंबा, पीच, स्ट्रॉबेरी यांतून तसं तेल मिळत नाही, त्यामुळे परफ्यूममधली ही फळं रचलेलीच असतात. ‘मित्सुको’ या परफ्यूममधलं १९१९ चं पीच लॅक्टोन प्रकारच्या एका संयुगावर उभं आहे, आणि आजही त्या पीचला सालीवरची लव आहे असं मला वाटतं.

आंब्याचं म्हणाल तर हर्मेसचं ‘अं जार्दां स्यूर ल निल’, २००५, जाँ-क्लोद एलेना. त्यांना आस्वानमध्ये झाडावर लटकलेल्या कैऱ्यांवरून ते सुचलं. कैरी तोडताना देठातून चीक उडतो ना, बोटांना चिकटणारा, तिखट, टर्पेंटाइनसारखा? त्या चिकाची आठवण देणारं माझ्या माहितीत हे एकमेव. पहिली पाच मिनिटं दात आंबतात.

* * *

वरच्या प्रतिसादाशी कैरीपुरता सहमत, पण पिकलेला आंबा अजून कुणी पकडलेला मला तरी भेटला नाही. जे मिळतं ते गोळीतलं. आंबा, पेरू, पॅशनफ्रूट यांच्या वासात गंधकयुक्त संयुगं असतात, अत्यल्प प्रमाणात. जरा जास्त झाली की मांजराचा मूत किंवा घामाची काख. बनवणारे घाबरून ती कमी करतात आणि फळ मरतं.

अंजिराला मात्र न्याय मिळालाय. ओलिव्हिया जियाकोबेत्ती यांनी १९९४ मध्ये ‘प्रमिये फिगिये’ आणि १९९६ मध्ये दिप्तिक या कंपनीसाठी ‘फिलोसिकोस’ केलं. दोन्हींत फळापेक्षा झाड जास्त आहे: खरखरीत पानं, पांढरा चीक, उन्हात तापलेली साल. फळाचा वास खरा वाटायचा तर झाडही सोबत यायला हवं, हे मला या दोन बाटल्यांनी पटवलं.

* * *

जियाकोबेत्तींचंच ‘आं पासां’ (२०००) पाहा. लायलॅक या झुडपाच्या फुलांचा वास, त्यात काकडीसारखा पाणीदार गारवा. लायलॅकमधूनही अर्क मिळत नाही. पाऊस थांबल्यावर झुडपाजवळून गेल्यासारखं वाटतं. टिकतं कमी, पण मला चालतं.

* * *

व्हायोलेटबद्दल थोडं. त्याच्या वासाचं आयोनोन १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर यांनी प्रयोगशाळेत बनवलं. ते नाकाला काही क्षण बधिर करतं, म्हणून वास येतो, गायब होतो, पुन्हा येतो. खऱ्या फुलाशीही असंच होतं. त्यामुळे ‘वास गेला’ म्हणून फवारे वाढवू नका, शेजारच्याला तो येतच असतो.

* * *

गुलाबासाठी कित्येक महागडी तेलं हुंगली आणि प्रत्येक वेळी मध, मसाला असं काहीतरी जड पुढे आलं. कारण नंतर कळलं. ताज्या गुलाबातलं फेनिलएथिल अल्कोहोल पाण्यात बरंच विरघळतं. ऊर्ध्वपातनात ते तेलात न येता पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून चांगलं गुलाबपाणी कधी कधी गुलाबतेलापेक्षा फुलाच्या जवळचं वाटतं. द्रावकाने काढलेल्या अर्कात ते टिकतं. आता मी तेलाचं परफ्यूम लावायच्या आधी त्याच जागी गुलाबपाणी शिंपडते, आणि उरलेली अर्धी पाकळी सापडल्यासारखी वाटते.

* * *

मला बकुळीचं हवंय. हे फूल सुकलं तरी वास सोडत नाही, तेव्हा बाकीच्यांपेक्षा सोपं असायला हवं असं वाटतं. पण आजवर जे मिळालं त्यात नुसता मधाळपणा होता. सुकलेल्या बकुळीला जो कोरडा, लाकडासारखा, थोडा धुळकट पदर असतो तो कुठेच नव्हता. कुणाला सापडलं असेल तर नाव लिहा, आणि ते कपड्यावर कसं वागतं तेही.