मूल वाढवताना मदतीला आलेली अनोळखी माणसं: तुमचे अनुभव लिहा

मूल झालं की सल्ल्यांना तोटा नसतो. टोपी घाला, टोपी काढा, सारखं कडेवर घेऊ नका, असं रडू देऊ नका. या धाग्यावर ते सल्ले नकोत. ज्यांनी काही न शिकवता नुसता हात पुढे केला आणि ज्यांचं नावही आपल्याला कळलं नाही, अशा माणसांबद्दल लिहूया.

माणसाचं मूल एकट्या आईच्या बळावर कधीच वाढलेलं नाही. सारा हर्डी या मानववंशशास्त्रज्ञांनी हा मुद्दा फार नेटाने मांडला आहे. चिंपांझीची आई सुरुवातीचे कित्येक महिने पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. माणसाची आई पहिल्या दिवसापासून देते, कारण आपलं मूल हाताशी यायला बरीच वर्षं लागतात आणि एवढा भार एकटीला पेलत नाही. मध्य आफ्रिकेतल्या एफे लोकांमध्ये तान्हं बाळ दिवसभर या हातातून त्या हातात फिरतं, दुसऱ्या बायाही त्याला अंगावर पाजतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज एक किंवा दोनच मोठी माणसं असतात. बाळाची गरज मात्र तेवढीच आहे. म्हणून बसमधल्या, दवाखान्यातल्या, जिन्यात भेटलेल्या परक्या माणसाची मदत मला फार मोलाची वाटते. प्रसंग छोटा असला तरी लिहा, आणि त्या माणसाने नेमकं काय केलं तेही लिहा.

* * *

बाळ दीड महिन्याचं असताना मला रात्रीच्या गाडीने एकटीने जावं लागलं. गाडी सुटली आणि त्याने जे रडं लावलं ते काही केल्या थांबेना. पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला, दारापाशी नेऊन उभी राहिले. डब्यातली माणसं कूस बदलत होती. समोरच्या बर्थवरच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी घेऊ का जरा? तुम्ही तोंडावर पाणी मारून या. मी इथेच फिरते, तुम्हाला दिसेन अशी."

'तुम्हाला दिसेन अशी' हे त्यांनी आपणहून म्हटलं म्हणून मी बाळ त्यांच्याकडे देऊ शकले. त्यांनी त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं कोपराच्या खळग्यात, पाय मनगटाच्या दोन्ही बाजूंना. दुसऱ्या हाताने पाठ थोपटत त्या डब्याच्या वाटेत येरझाऱ्या घालायला लागल्या. रडणं लगेच थांबलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर त्रासाची रेषही नव्हती. म्हणाल्या, "सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळं सगळ्यात जास्त रडतात. तीन-चार महिन्यांत ओसरतं. तुमचं काही चुकत नाहीये." पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितलं, पण मला त्याची खरी गरज त्या रात्री होती. पहाटे त्या कुठल्या स्टेशनवर उतरल्या ते मला कळलंच नाही. मी झोपले होते.

* * *

बाबाचा अनुभव लिहितो. मुलगी आठ महिन्यांची, आम्ही दोघंच बाहेर पडलेलो. लंगोट बदलायचा होता आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहात बाळाला ठेवायला टेबलच नव्हतं. ते बायकांच्या बाजूला होतं. मी दाराबाहेर मुलीला घेऊन घुटमळत होतो. तिथे साफसफाई करणाऱ्या मावशींनी माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरची पिशवी पाहिली आणि काही विचारलं नाही. आत जाऊन कुणी नाही याची खात्री केली, 'सफाई चालू आहे' ची पिवळी पाटी दारात उभी केली आणि म्हणाल्या, "जा दादा. निवांत आवरा. मी आहे इथे."

मी आवरेपर्यंत त्या पाटीशेजारी उभ्या होत्या. आलेल्या बायकांना शांतपणे सांगत होत्या, "दोन मिनिटं ताई, आत बाळ आहे." एकीनेही कुरकुर केली नाही. बाहेर आलो तर मुलीच्या पायातला एक मोजा त्यांच्या हातात होता, तो वाटेत पडला होता.

मुलं बापही सांभाळतात हे इमारत बांधणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं, मावशींच्या आलं.

* * *

माझा मुलगा सव्वा वर्षाचा होता. बसमध्ये माझ्या मांडीवरच त्याचे डोळे फिरले आणि अंग ताठ होऊन झटके यायला लागले. मी किंचाळले. कुणीतरी त्याच्या तोंडात चमचा घालायला पुढे आलं. मागच्या सीटवरचा एक कॉलेजातला वाटावा असा मुलगा उठला आणि त्याने तो हात अडवला. "तोंडात काही घालू नका. याला कुशीवर ठेवू." सीट रिकामी करून आम्ही त्याला एका कुशीवर वळवलं. त्याने गळ्याजवळचं बटण सोडलं आणि घड्याळात पाहून वेळ मोठ्याने सांगितली. मग मला म्हणाला, "काकू, त्याला धरून दाबू नका, फक्त सीटवरून खाली पडू देऊ नका. आपण वेळ मोजतोय."

झटके दोन-तीन मिनिटांत थांबले. मला ते दुपारभर चालल्यासारखे वाटले होते. ड्रायव्हरकाकांनी मधले थांबे सोडून बस थेट रुग्णालयाच्या फाटकाशी नेली आणि एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. तापातली आकडी होती. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते आणि बहुतेकांना पुढे काही त्रास राहत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर मात्र थांबायचं नाही, तातडीने रुग्णवाहिका बोलवायची. म्हणून तर तो मुलगा घड्याळ बघत होता. माझा नवरा येईपर्यंत तो आमची पिशवी सांभाळत बाहेरच्या बाकावर बसून होता. त्याच्या धाकट्या बहिणीला लहानपणी आकडी यायची, एवढंच त्याच्याबद्दल कळलं.

* * *

वरचा आकडीचा अनुभव वाचून मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला. माझा अगदी छोटा आहे. विमान खाली उतरताना मुलगी कान धरून ओरडत होती. शेजारच्या आजोबांनी हळूच सांगितलं, "गिळायला लावा, कान मोकळे होतील." बाटली तोंडात दिली आणि ती शांत झाली. गिळताना कान आणि घसा यांना जोडणारी नळी उघडते, दाब सारखा होतो. आजोबा एवढं बोलून पुन्हा पुस्तकात डोकं घालून बसले. 🙂

* * *

माझ्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. केस कापणं हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं संकट होतं. मशीनचा आवाज, मानेवर पडणारे केस, गळ्याशी आवळलेलं कापड, यातलं काहीही त्याला सहन व्हायचं नाही. एका ठिकाणी 'याला शिस्त नाही का' असं ऐकवलं गेल्यावर मी घरीच तो झोपेत असताना कापायला लागले होते.

मग एका दुकानात विचारायला एकटीच गेले. त्या दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंद करायच्या वेळेला आणा. गर्दी नसते." पहिल्या खेपेला त्यांनी एकही केस कापला नाही. मशीन बंद ठेवून त्याच्या हातात दिलं आणि स्वतः जमिनीवर बसले. त्याने ते उलटंसुलटं केलं, दातांवरून बोट फिरवलं, कानाला लावून पाहिलं. पुढच्या वेळी तो जमिनीवर बसलेला असतानाच दादांनी मागून कात्रीने थोडे केस कापले. कापड नाही, पाण्याचा फवारा नाही. प्रत्येक वेळी कात्री लावायच्या आधी "आता कानामागे" असं सांगायचे आणि मगच हात लावायचे. एका बाजूचे कापून झाल्यावर तो उठला तर "उरलेले पुढच्या आठवड्यात" म्हणाले. अर्ध्या कापलेल्या केसांनी आम्ही घरी आलो आणि मला इतका आनंद झाला होता की मी रस्ताभर बोलत होते.

आता तो खुर्चीत बसतो. मशीन अजून नाही. दादांनी यासाठी कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला भीती वाटते ते दिसतंय ना, मग घाई कशाला?"

काही विमानतळांवर आणि स्थानकांवर हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलं असलेली खूण मिळते, ती गळ्यात असली की न दिसणारं अपंगत्व आहे हे कर्मचाऱ्यांना कळतं. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली. प्रवासात आम्ही ती वापरतो, उपयोग होतो. पण त्या दादांना पट्टा लागला नाही.

* * *

बाळाचं वजन करायला गेले होते. वजन छान वाढलं होतं, लसीची तारीख लिहून झाली होती. कार्ड परत देताना परिचारिकाताईंनी ते माझ्या हातात सोडलंच नाही. माझ्याकडे नीट बघून विचारलं, "बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?" मी नाही म्हटलं. "उगाच रडू येतं?" त्यावर मला बोलताच आलं नाही. बाहेर रांग होती तरी त्यांनी मला बसवलं, दार लोटलं आणि त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ मिळवून दिली. बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात नैराश्यच मुख्य. मला तोवर वाटत होतं की मीच वाईट आई आहे. उपचारांनी मी बरी झाले. त्यांनी ते कार्ड धरून ठेवलं नसतं तर मी हसून निघून आले असते.

* * *

गर्दीत माझी पाच वर्षांची मुलगी हरवली होती. ती ज्या बाईंना सापडली त्या तिला घेऊन कुठेही गेल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या जागेवरच थांबल्या आणि माझ्या मुलीच्या फ्रॉकचा रंग सांगत मोठ्याने हाका मारायला लागल्या, "पिवळ्या फ्रॉकची मुलगी कुणाची?" आजूबाजूच्यांनी तीच हाक पुढे पोचवली आणि ती माझ्यापर्यंत आली. बाईंच्या कडेवर त्यांचं स्वतःचं बाळ होतं. आम्ही मुलीला शिकवलेलंच होतं की हरवलीस तर थांब, आणि लहान मूल बरोबर असलेली बाई किंवा गणवेशातला कर्मचारी शोध.

'परक्यांशी बोलायचं नाही' एवढंच शिकवलेलं मूल अशा वेळी कुणाकडे जाणार? त्याऐवजी आम्ही दोन गोष्टी घोकून घेतल्या आहेत. न विचारता कुणाबरोबर कुठेही जायचं नाही, आणि 'आईबाबांना सांगू नकोस' म्हणणारा मोठा माणूस ओळखीचा असला तरी लगेच घरी सांगायचं.

* * *

मी निवृत्त आहे, पत्नी गेल्यापासून एकटा राहतो. वरील सर्व अनुभव घेणाऱ्यांचे आहेत, मी देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. शेजारच्या घरातील मुलगा शाळेतून आल्यावर आई येईपर्यंत जिन्यात बसत असे. मी आधी त्याच्या आईला विचारले, तिच्या सोयीने ठरवले आणि मग खुर्ची माझ्या दारातच टाकली. दार उघडे, जिना समोर, येणारेजाणारे बघतात. तो गृहपाठ करतो, मी वर्तमानपत्र वाचतो. काट्यांचे घड्याळ वाचायला तो माझ्याकडे शिकला. 'पावणे' त्याला बरेच दिवस समजत नव्हते. ज्या दिवशी समजले त्या दिवशी त्याने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वेळ सांगितली. त्याची आई माझे आभार मानते. मी तिला सांगतो, दुपारी कोणीतरी येणार आहे म्हणून मी आता वेळेवर जेवतो.

* * *

माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. मला दूध येत नव्हतं. पहिले काही दिवस तिला नळीतून जे दूध मिळालं ते दूधपेढीतलं, कुठल्यातरी आईने दिलेलं. १९०९ साली व्हिएन्नात अशी पहिली पेढी निघाली, आणि आज बहुतेक पेढ्यांमध्ये दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक करतात. हे सगळं मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. पुढे मुलीला छातीशी धरून बसायला लागले तसं माझंही दूध हळूहळू यायला लागलं. आता ती शाळेत जाते. त्या बाईंचं नाव मला कधीच कळणार नाही.

* * *

ताई, मी तुमच्या त्या बाईंसारखीच एक. बाळाचं पोट भरूनही मला दूध उरायचं, तेव्हा पेढीत देत होते. तिथल्या ताई सांगायच्या की हे सगळ्यात आधी अगदी कमी वजनाच्या बाळांना जातं. तुमची मुलगी शाळेत जाते हे वाचून फार बरं वाटलं.

कुणाला द्यायचं असेल तर आधी पेढीत फोन करा. रक्ताची तपासणी करतात (एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस), चालू औषधं विचारतात, सिगारेट-दारू विचारतात. दूध कसं काढायचं, बाटलीवर तारीख कशी घालायची, किती गार ठेवायचं हे तेच शिकवतात. स्वतःच्या बाळाचं पोट आधी भरायचं, उरेल तेच द्यायचं. थोडं असलं तरी संकोच करू नका. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला सुरुवातीला एका वेळी काही थेंबच लागतात.