मदत हवी आहे: कुरियरने आलेली झुडपं जिवंत आहेत की गेली, कसं ओळखायचं?

परवा संध्याकाळी तीन झुडपं घरी आली: गंधराज, हायड्रेंजिया आणि एक कलमी गुलाब. नऊ दिवस बंद खोक्यात होती. काही बिघडलं असेल तर रोपवाटिकेला सात दिवसांत कळवायचं आहे आणि त्यातले दोन गेलेसुद्धा. म्हणून घाईने विचारतेय.

गंधराज त्यातल्या त्यात बरा वाटतोय. पानं सगळी जागच्या जागी, रंग हिरवा, फक्त हाताला जरा कडक लागतात. लहान पिशवीत आहे, कोकोपीट ओलं आहे.

हायड्रेंजियाने मात्र धडकी भरवली. निम्मी पानं खोक्याच्या तळाशी पडलेली, उरलेली पिवळी, हात लावला की गळत होती. आज नुसत्या काड्या उरल्या आहेत. शेंड्याला एक पांढुरकी, लांबट, लुळी फूट आहे.

गुलाब बिनमातीचा आला. मुळं ओल्या शेवाळात गुंडाळलेली, वर तीन काड्या. पण बुडाशी एक टवटवीत हिरवी फूट आली आहे, त्यामुळे त्याची काळजी वाटत नाही.

म्हणजे माझ्या मते गुलाब उत्तम, गंधराज ठीक आणि हायड्रेंजिया गेलं. तक्रार हायड्रेंजियाची करावी असं ठरवलंय. बरोबर आहे का?

मी आधी दोन्ही बाजूंनी चुकले आहे. एक जास्वंद अशीच पानं गाळून बसली होती, ती मी पंधराव्या दिवशी उपटली. टाकताना काडी मोडली तर आतून ओली, हिरवीगार. ते अजून मनाला लागून आहे. त्याआधी एका बोगनवेलीला तीन महिने पाणी घातलं, ती बहुधा पहिल्याच आठवड्यात गेली होती. मला हे ओळखायला शिकायचं आहे.

प्रतिसाद

ताई, तक्रार आजच्या दिवस थांबवा. तुमचा अंदाज उलटा निघेल अशी मला शंका आहे.

पान गळणं हे काम जिवंत फांदीच करते. अंधारात, कोंडलेल्या हवेत पान पोसणं परवडेनासं झालं की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. मागे स्वच्छ व्रण राहतो. फांदी अचानक मेली तर हे करायला तिला वेळच मिळत नाही, मग पानं जागेवरच वाळतात आणि ओढली तरी सहज सुटत नाहीत. गंधराजासारख्या जाड पानांच्या झाडात ती वाळल्यावरही बरेच दिवस हिरवट दिसतात. म्हणून तुमच्या वर्णनातल्या 'कडक' या शब्दाने मला जास्त काळजी वाटली. एक पान मुठीत चुरगाळून बघा. दुमडलं तर ठीक, कुरकुरलं तर वाईट.

मग नखाने साल खरवडा. शेंड्यापासून सुरुवात करून खाली यायचं, दर दोन बोटांवर एक लहानसा ओरखडा. सालीखाली ओला हिरवा थर दिसला की तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर आणखी खाली. शेंडा मेला म्हणजे झुडूप मेलं असं नसतं, हिरवं कुठे सुरू होतं ते शोधायचं.

ती पांढुरकी फूट अंधारात उजेड शोधत वाढलेली आहे. ती बहुधा टिकणार नाही, पण डोळे, म्हणजे काडीवरच्या नव्या फुटीच्या कळ्या, काम करत होते याची ती खूण आहे.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं, एक भर घालतो. नखाची परीक्षा आजची स्थिती सांगते, पुढच्या महिन्याची नाही. फुलदाणीतली फांदीही आठवडाभर आतून हिरवी असते आणि तिला तर मूळच नसतं. मुळं कुजलेलं झुडूप खोडातल्या ओलाव्यावर असंच तग धरतं आणि आपण 'हिरवं आहे' म्हणून निर्धास्त राहतो. त्यामुळे मुळं पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

पिशवीतलं रोप आडवं धरून मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता अलगद बाहेर सरकवा. कडेला पांढरी किंवा फिकट, टणक मुळं दिसायला हवीत. काळपट, बुळबुळीत, आंबूस वासाची असतील तर मूळकूज. खात्री करायची तर एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. बाहेरचं आवरण मोज्यासारखं निघून आलं आणि आत दोरा उरला, तर ते मूळ गेलेलं आहे. गुलाबाची मुळं बाहेरून तपकिरीच असतात, त्याला घाबरू नका. एखादं मोडून बघा, आतून फिकट आणि ओलसर हवं.

गुलाबाच्या त्या हिरव्या फुटीबद्दल एक विचारायचं आहे. ती नेमकी कुठून निघाली आहे? कलमाच्या जोडाच्या वरून की खालून? जोड म्हणजे बुंध्यावरची ती फुगीर गाठ. खालून असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलं त्याची, फूट आहे, तुम्ही मागवलेल्या गुलाबाची नव्हे. पानातल्या दलांची संख्या मोजून ठरवू नका, त्यात फसगत होते.

तिथेच आणखी एक पाहा. जोडाची गाठ स्वाभाविक असते, पण बुंध्याला किंवा मुळांवर खडबडीत, फुलकोबीसारखे गोळे असतील तर ते जिवाणूमुळे होतात आणि ते रोप जमिनीत अजिबात लावू नये.

प्रतिसाद

पातळ केलेलं खत दिलंत तर लवकर सावरतील. मी नेहमी देते.

प्रतिसाद

आत्ता खत नको, कळकळीने सांगतो. मुळं दुखावलेली असताना क्षार वाढले की उरलेली मुळंही पाणी ओढू शकत नाहीत. नवी पानं उलगडून पक्की होईपर्यंत थांबावं. तेच उन्हाचं: आठ-दहा दिवस उजेड भरपूर, पण ऊन नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळपासून तेच करत बसले.

गंधराज: पान चुरगाळलं, चुरा झाला. शेंड्यापासून मातीपर्यंत सात ठिकाणी खरवडलं, सगळीकडे तपकिरी. मातीच्या अगदी लगत एक फिकट हिरवट रेघ आहे असं वाटतं. गोळा बाहेर काढला तर आत एक घट्ट जाळी, त्यात कोकोपीट चिखलासारखं. मूळ ओढलं आणि आवरण हातात आलं. खूप वाईट वाटलं. हेच झाड मला सगळ्यात जास्त हवं होतं.

हायड्रेंजिया: वरची चार बोटं वाळलेली, त्याखाली सगळं हिरवं! पानं गळाली तिथे समोरासमोर डोळ्यांच्या जोड्या आहेत, चांगल्या फुगीर. मुळं पांढरी.

गुलाब: फूट गाठीच्या खालूनच आहे. वरच्या तीन काड्यांपैकी दोन पूर्ण तपकिरी, तिसरी वीतभर हिरवी. मुळं आतून फिकट, गोळे नाहीत.

गंधराजाची ती हिरवट रेघ पाहून जीव अडकतोय. वाचेल का?

प्रतिसाद

ताई, खोड जवळपास सगळं गेलं आणि मुळांचं आवरण सुटतंय, तेव्हा त्या रेघेला पाणी पुरवायला कोणी उरलेलं नाही. त्याची तक्रार आजच करा, संकोच नको. फोटो तीन काढा: पूर्ण रोप, खरवडलेलं खोड आणि मुळांचा गोळा. नुसता पूर्ण रोपाचा पाठवलात तर पानं हिरवी दिसतील आणि समोरचा म्हणेल, चांगलं तर आहे.

गुलाबाच्या खालच्या फुटीला कापू नका, बुडापासून खाली ओढून उपटा. कापल्यावर तिथूनच पुन्हा फुटते. दोन मेलेल्या काड्या जोडाशी काढून टाका, तिसरी हिरव्या भागातल्या वरच्या डोळ्याच्या किंचित वर कापा. मुळं चार-सहा तास पाण्यात ठेवून लावा, एका दिवसापेक्षा जास्त बुडवून ठेवू नका. एक जिवंत काडी पुरते. तरी वर एकच काडी उरली हे त्यांना आजच कळवून ठेवा, नंतर मुदत संपेल.

हायड्रेंजियाचा वाळलेला भागच तेवढा काढा. मोठ्या पानांचे बरेच प्रकार जुन्या काडीवर फुलतात, जास्त छाटलंत तर पुढचा बहर जाईल. पानं नाहीत म्हणजे पाणीही कमी लागणार. तुमची बोगनवेल कशाने गेली माहीत नाही, पण बिनपानाच्या रोपाला रोज पाणी घालणं हे मुळं कुजण्याचं नेहमीचं कारण आहे. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच द्या.

आणि दोन आठवडे ही रोपं बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. काडीच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, खोडावर खवले कीड, नव्या पानांखाली लाल कोळी. खोक्यातून हे पाहुणे हमखास येतात.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

हायड्रेंजियाच्या खालच्या दोन जोड्या उलगडल्या. गुलाबाला जोडाच्या वर तांबूस कोंब आलाय, गुंजेएवढा. रोज सकाळी आधी तोच बघते.

फोटो पाहून रोपवाटिकेने गंधराज दुसरा पाठवला, तो आज आला. चार पानं गळालेली होती. ती बाजूला ठेवली आणि आधी गोळा सरकवून पाहिला. मुळं पांढरी आहेत.