शब्दचर्चा : 'मुक्त बाजार' घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगावा?

रविवारी गिरगावात मावशीकडे जेवायला जमलो होतो. बोलण्याच्या ओघात मी म्हणालो, मला मुक्त बाजाराची कल्पना पटते (म्हणजे काय विकायचं आणि कोणत्या भावाने, हे सरकारने न ठरवता घेणाऱ्या-देणाऱ्यांनी ठरवायचं). मावशी पोळी वाढता वाढता थांबली. "म्हणजे ज्याला जे वाटेल ते त्याने करायचं, असंच ना?" तिने हे भांडणासाठी विचारलं नव्हतं. शब्दांतून तिला तेच ऐकू आलं होतं. तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यात घोळताहेत.

'मुक्त' आपल्याला एक तर मोक्षाकडे नेतो, नाही तर 'मुक्तहस्ते उधळण'कडे. दोन्हींत नियम कुठेच नाही. 'बाजार'ची गत आणखी वाईट. बाजारू, बाजारबुणगे, शिक्षणाचा बाजार मांडला, बाजार उठला. जी मावशी रोज पिशवी घेऊन भाजीबाजारात जाते आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करते, तिलाही 'बाजार' हा विचार म्हणून समोर आला की खटकतो.

'उदारीकरण' तर मला सरळ चुकीचाच वाटतो. उदार म्हणजे देणारा. २४ जुलै १९९१ ला अर्थसंकल्प मांडला गेला, त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण आलं आणि बहुतेक उद्योगांना परवान्याची अट उरली नाही. यात सरकारने कोणाला काही दिलं नाही, वाटेतली आडकाठी काढली. पण शब्द ऐकणाऱ्याला वाटतं की सरकारने सढळ हाताने काहीतरी वाटलं, आणि ते बड्यांनाच मिळालं. पुढे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांचं 'खाउजा' झालं. त्या जोडशब्दात 'खाऊन जा' ऐकू आल्यावर पुढचं कोण ऐकणार?

माझं म्हणणं असं की, हे शब्द बाजूला ठेवावेत. आपल्या घरांत याच विषयाचे शब्द कधीपासून आहेत. 'टेलिफोनचा नंबर लागला', 'स्कूटर ऑन देऊन घेतली' (ऑन म्हणजे ठरलेल्या किमतीवर मोजलेले जादा पैसे), 'वशिला होता म्हणून गॅस मिळाला'. वस्तू कमी, भाव बांधलेला. मग ती कोणाला मिळणार हे रांग, ओळख किंवा टेबलाखालचा पैसा ठरवतो. मावशीच्या पिढीने हे सगळं अनुभवलंय. तिला फक्त एवढंच सांगायचं की नंबर, ऑन आणि वशिला ही एकाच झाडाची फळं आहेत.

सगळ्यांत बोलका शब्द मात्र खास मुंबईचा : पागडी. डोक्यावरची पागडी मानाची, आणि खोली मिळवताना मोजायची रक्कमही पागडी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतल्या जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. शहर वाढत गेलं, भाडं तिथेच राहिलं. मग खोलीची खरी किंमत गेली कुठे? ती पागडीत गेली. त्या कायद्याने पागडी घेणं गुन्हा ठरवलं, तरी ती सर्रास चालू राहिली. १९९९ च्या कायद्याने अखेर तिला मान्यता दिली. भाव दाबला तर तो मरत नाही, दुसऱ्या नावाने उगवतो, हे या एका शब्दात आहे. पागडीचा जोडीदार शब्द 'टेकू'. चाळीच्या गॅलरीखाली लाकडी टेकू दिसला की समजावं, इथल्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नाही.

मावशीला मी एवढंच विचारलं, "आजोबांनी पागडी किती दिली होती?" पुढचा तासभर तीच बोलत होती.

प्रतिसाद १

पागडी पटली. पण मी त्याच चाळींतल्या एकीत वाढले. भाडं बांधलेलं नसतं तर बाबांच्या पगारात आम्ही गिरगावात राहूच शकलो नसतो. तुमच्या मावशीने हे म्हटलं नाही का?

धागाकर्ता

म्हणाली, आणि ते खरंच आहे. ज्याला खोली आधी मिळाली त्याचं भलं झालं, हे नाकारून घरात बोलता येत नाही. मी तिला एवढंच म्हणालो की नंतर मुंबईत आलेल्या तुझ्या दिराला भाड्याने खोलीच मिळेना, कारण नवी चाळ बांधून भाड्याने द्यायला कोणी पुढे येईना. तो डोंबिवलीला गेला. तिला हे आठवत होतं. तिचं मत बदललं असं मी म्हणणार नाही.

प्रतिसाद २

राहते बोरिवलीला, माहेर नाशिक जिल्ह्यात, कांद्याचं. आमच्याकडे 'मुक्त' कोणी म्हणत नाही, 'खुली' म्हणतात. शेतकरी संघटनेमुळे शरद जोशींचा 'खुली व्यवस्था' हा शब्द घरोघर पोचला. दार खुलं असलं तरी चौकट असतेच, त्यामुळे 'खुली'त बेबंदपणा येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये देशातले भाव चढू नयेत म्हणून सरकारने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा माझे वडील, कधी भाषण न करणारे, एवढंच म्हणाले, "भाव पडला की आमचा, चढला की सरकारचा." दुसरं, 'भाव' हा मंडईचा शब्द. 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेत 'दाम' आहे, त्यात कष्ट येतात. घरी बोलताना मी तोच वापरते.

धागाकर्ता

'खुली' घेतला. चौकटीचा मुद्दा फार मोलाचा. मावशीच्या प्रश्नाला नेमकं तेच उत्तर हवं होतं : वजनमाप खरं हवं, दिलेला शब्द पाळला जायला हवा, फसवणुकीला शिक्षा हवी. एक शब्द मात्र अजून सापडत नाही. दोघांनाही हवं म्हणून झालेली देवघेव, कोणावर जबरदस्ती नाही. 'ऐच्छिक विनिमय' पुस्तकात ठीक आहे, पण जेवताना कोण म्हणेल?

प्रतिसाद ३

जुनी खरेदीखतं काढून बघा. 'राजीखुशीने लिहून देतो' हे वाक्य असतंच. राजीखुशीचा व्यवहार. मुंबईत ज्याच्या घरी जागेचा एखादा कागद आहे, त्याने तो शब्द वाचलेला असतो.

धागाकर्ता

राजीखुशी! मावशीच्या कपाटात आजोबांच्या खोलीचा कागद आहे. पुढच्या रविवारी तिलाच मोठ्याने वाचायला सांगतो. पागडीच्या रकमेचा त्यात उल्लेख नसणार. राजीखुशी आहे का, ते बघून इथे लिहीन.