मदत हवी आहे: आजारपणात चालणाऱ्या थट्टेला आवर घालावा का?

बाबांची किमोथेरपी सुरू आहे. केस गेल्यापासून ते आरशासमोर डोक्यावरून हात फिरवत "चला, कंगव्याला पेन्शन लागू झाली" म्हणतात. धाकटा भाऊ लगेच त्यात भर घालतो आणि दोघं खो खो हसतात. आई मात्र काही न बोलता उठून आत जाते. "जिवावर बेतलंय आणि यांना थट्टा सुचते," असं नंतर मला म्हणते. मला दोघांचंही पटतं, म्हणून विचारतेय.

थोडं वाचलं. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या: माणसं जोडणारा, स्वतःला उभारी देणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. पहिले दोन मनाला बळ देतात, शेवटचा बहुतेकदा खचलेपणाच्या जोडीने दिसतो. मग स्वतःच्या टकलावर हसणारे बाबा यात नेमके कुठे बसतात? हसून झाल्यावर ते मोकळे वाटतात, दोन घास जास्त जेवतात. पण हल्ली रिपोर्टबद्दल विचारलं तरी कोटी करून विषय बदलतात. ते मला खटकतं.

ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय त्यांनी कृपया सांगा: हसण्याआड भीती दडलीय हे कसं ओळखलंत? त्यांचा हसरेपणा न मोडता गंभीर विषय कसा काढलात? आईला यात ओढावं, की तिला तिच्या पद्धतीने काळजी करू द्यावी? समुपदेशकाकडे सगळे मिळून गेला असाल तर तो अनुभवही हवाय.