एआरटी केंद्रात हवेचा प्रश्न का विचारत नाहीत?

गोवंडीकर: मी एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांवर आहे. केंद्रात दर खेपेला तेच विचारतात: गोळ्या चुकल्या का, खोकला, ताप, रात्री घाम, वजन घटलं का. राहता कुठे, स्वयंपाक कशावर, काम धुळीतलं का, हे आमच्याकडे कधी विचारलेलं नाही. एका बाजूला देवनारचं डम्पिंग, दुसऱ्या बाजूला माहुलच्या रिफायनऱ्या, मध्ये आम्ही. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची वार्षिक मर्यादा डब्ल्यूएचओच्या हिशोबात घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आपल्याकडे ४०. फुप्फुसातल्या ज्या पेशी टीबीचा जंतू गिळतात, त्यांनाच हे कण नडतात. आणि एचआयव्ही असलेल्यांचे सर्वाधिक बळी टीबीच घेतो. मग हा प्रश्न केसपेपरवर का नाही?

समुपदेशक ताई: मी याच कामात आहे आणि मला हे पटत नाही. हवेने सीडीफोर (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) पडतो असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. पण एकदा तसं डोक्यात बसलं की गोळी चुकल्याचं कोण कबूल करणार? खापर धुरावर फोडून मोकळे. गोळी रोज आणि टीबी प्रतिबंधाचा कोर्स पूर्ण, एवढं झालं तरी मी खूश.

गोवंडीकर: ताई, सीडीफोर सोडा. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबला तरी शरीरातला दाह पुरता शमत नाही, हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्तच राहतो. पीएम २.५ सुद्धा रक्तवाहिन्यांना तोच त्रास देतो. म्हणजे मार दुहेरी.

फुकटचा सल्ला: आधी बिडी सोडा, मग रिफायनरीवर बोला.

गोवंडीकर: मी ओढत नाही. पण ओढणाऱ्यांसाठी सल्ला बरोबर आहे, फक्त सूर बदला.

चंद्रपूरची: सगळी चर्चा मुंबईचीच का? आमच्याकडे औष्णिक वीज केंद्राची राख आहेच, वर खेड्यात घरोघरी चूल. उज्ज्वलाचा सिलिंडर आहे, तो पाहुणे आले की पेटतो; भरायला पैसे कोण देणार? आणि मास्क लावा म्हणू नका. गावात बाईने एकटीने मास्क लावला की संध्याकाळपर्यंत चार घरांत चौकशी सुरू. जे लपवण्यासाठी ती तालुका सोडून जिल्ह्याला गोळ्या आणायला जाते, तेच उघडं पडायचं.

समुपदेशक ताई: हेच म्हणतेय मी. चूल की गॅस, हे मी उद्यापासून विचारेन, त्यावर काही करता तरी येतं. पण गोवंडीत राहणाऱ्याला काय सांगू, घर बदल?

गोवंडीकर: सांगू नका, लिहून ठेवा. कुठल्या वस्तीतून वारंवार न्यूमोनिया, टीबी येतोय ते दिसेल. पालिकेपुढे आकडे ठेवता येतील.

कलम_वाचक: वस्ती आणि एचआयव्ही एकत्र मांडणार? २०१७ चा एचआयव्ही कायदा गोपनीयतेबद्दल कडक आहे. एका चाळीत दोनच रुग्ण असले तर नाव काढूनही ओळख पटते.

गोवंडीकर: पत्ता केंद्राकडे आहेच की. चाळीचं नाव नको, वॉर्ड पुरे.

समुपदेशक ताई: वॉर्ड चालेल. पण तो तक्ता भरायला माणूस द्या; माझ्या टेबलावर आणखी एक रजिस्टर नको.