फरशीखालून गारवा आणि ऊब: कोल्हापुरातल्या सार्वजनिक इमारतीत जमेल का?

वाचनालयाचा_खजिनदार:
नमस्कार मंडळी. शहरात आमच्या संस्थेची नवी इमारत उभी राहतेय. तळमजल्यावर ४,००० चौरस फुटांचं वाचनालय, वर तेवढ्याच जागेत ५०० खुर्च्यांचं सभागृह. फरशीचं काम दिवाळीनंतर. परवा एका कंपनीचा माणूस येऊन गेला. फरशीखाली पाइपांचं जाळं टाकायचं, बोअर मारून जमिनीतला गारवा उन्हाळ्यात वर आणायचा, थंडीत त्याच पाइपांतून गरम पाणी फिरवायचं, गच्चीवर सोलर, बिल जवळजवळ शून्य, असं तो म्हणतो. कमिटीतली निम्मी माणसं हरखून गेलीत. सही माझी लागणार, आणि पैसा वर्गणीचा आहे. गुळाच्या अडत्यांनी दिलाय तसा रिक्षावाल्यांनीही दिलाय. हे आपल्या हवेत चालतं का? पावसाळ्यात फरशी ओली होईल का? पाइप फुटला तर सगळं उखडायचं का?

रंकाळ्याचा_वारा:
बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ २००६ साली सुरू झाला, तिथं फरशीतूनच गारवा देतात. हवा आपल्यापेक्षा दमट. म्हणजे अशक्य नाही. पण गरम कशाला करायचं? जानेवारीत पहाटे पारा १४-१५ वर येतो आणि दहा वाजता माणूस स्वेटर काढतो.

कागलची_इंजिनिअर:
दादा, मी वातानुकूलनाचीच कामं करते, आणि ही पद्धत मला मनापासून आवडते. म्हणूनच सांगते, त्या माणसाच्या कागदावर आहे तशी घेऊ नका.

गरम करण्याचा भाग पहिल्यांदा काढून टाका. आपल्याला तो लागत नाही.

मग बोअर. युरोपात जमिनीत काही मीटर खाली १०-१२ अंश मिळतात, ते पाणी सरळ फरशीत सोडता येतं. आपल्याकडे खोलवरची जमीन वर्षाच्या सरासरी हवेइतकी, म्हणजे पंचविशीच्या आसपास असते. फरशी २१-२२ वर ठेवायची तर आत जाणारं पाणी १६-१८ अंशांचं हवं. ते जमिनीतून मिळणार नाही, चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र लागणारच. मात्र मोठ्या इमारतीतल्या नेहमीच्या एसीला पाणी ७ अंशांपर्यंत उतरवावं लागतं, इथं १६ पुरतं. त्यामुळे त्याच कामाला वीज बरीच कमी जाते. इन्फोसिसनं हैदराबादच्या एका इमारतीत निम्म्या भागात नेहमीचा एसी आणि निम्म्या भागात स्लॅबमधून थंड पाणी असं शेजारी शेजारी करून मोजलं, तर पाण्याच्या बाजूला ३४ टक्के कमी वीज लागली.

आता ओलीचं. जुलैत जुन्या घरातल्या शहाबादी फरशीला घाम सुटतो ना, तेच इथं होईल, आणि जास्त होईल. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की २२ च्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. पण कोल्हापूरचा उन्हाळा कोरडा आहे, हे आपलं नशीब. मार्च-एप्रिलच्या दुपारी ३६ अंशांत ३० टक्के आर्द्रता असेल, तर पाणी धरायला फरशी १६ पर्यंत उतरावी लागते. म्हणजे गारवा हवा तेव्हा धोका कमी, आणि धोका असतो तेव्हा पंखे पुरतात. अडचण वळवाच्या दिवसांत येते. त्यासाठी हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी धरू लागतं तो आकडा, मोजून पाणी आपोआप कोमट करणारा व्हॉल्व्ह आणि बाहेरची हवा कोरडी करून आत सोडणारं यंत्र, हे दोन्ही टेंडरमध्ये लिहून घ्या. दारं सताड उघडी ठेवून हे चालत नाही, तेही कमिटीला आत्ताच सांगा.

सभागृहात मात्र हे करू नका. फरशी एका चौरस मीटरमागे ३५-४० वॅट उष्णता ओढते, म्हणजे ३७० चौरस मीटरला १३-१५ किलोवॅट. बसलेल्या माणसाच्या अंगातून ७० वॅट तरी उष्णता हवेत येते. ५०० माणसांचे झाले ३५ किलोवॅट. दिवे, छताचं ऊन अजून धरलंच नाही. शिवाय एवढं काँक्रीट गार व्हायला काही तास लागतात, तीन तासांच्या कार्यक्रमासाठी कोण पहाटेपासून चालू ठेवणार? वाचनालयाचं उलट आहे. माणसं कमी, दिवसभर तीच, वापर उन्हाच्या वेळेत. १० किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी ४० युनिट देतं, त्यात चिलर आणि पंप भागायला हरकत नाही. फरशी कोट्याची किंवा ग्रॅनाइटची घ्या, लाकडी नको. पश्चिमेच्या काचांवर बाहेरून सावली करा, नाहीतर सगळा गारवा उन्हाशी झुंजण्यातच जाईल. मुलं जिथं खाली बसून वाचणार तिथला भाग वेगळा ठेवा, २४ च्या खाली नेऊ नका. मला विचाराल तर त्या कोपऱ्यासाठीच हे सगळं करावं.

शिरोलीचा_फिटर:
दादा, पाइप आपोआप न्हाई फुटत, ड्रिल मारला की फुटतोय. काँक्रीटच्या आत एकबी जॉइंट नको. एक लूप ८०-१०० मीटरचा अखंड, दोन्ही टोकं भिंतीतल्या मॅनिफोल्डवर, म्हंजे सगळ्या लूपांना पाणी वाटतंय त्या जोडणीवर. ओतायच्या आधी ६ बार प्रेशर भरा आणि ओतून होईस्तोवर गेज तसाच राहू दे, काटा उतरला की काम थांबवा. पाइपाखाली इन्सुलेशन बोर्ड पायजेच, न्हाईतर अर्धा गारवा मातीला जातोय. आणि टेप धरून फोटो काढून ठेवा. उद्या कपाटं ठोकायला सुतार येतोय, त्याला ते फोटो दाखवायचे.

वाचनालयाचा_खजिनदार:
ताई, फिटरदादा, फार उपकार झाले. फक्त वाचनालयाचं नवं कोटेशन मागवतो. एकच राहिलं: यंत्रं तळघरात बसवायची म्हणतायत. २०२१ ला आमच्या रस्त्यावर पंचगंगेचं पाणी होतं.

कागलची_इंजिनिअर:
तळघरात अजिबात नको. चिलर गच्चीवर, पंप आणि पॅनेल पहिल्या मजल्यावर. मॅनिफोल्डची पेटी २०१९ आणि २०२१ च्या पाणीपातळीच्या वर घ्या. शेजारच्या जुन्या भिंतीवर खूण असेल, आर्किटेक्टला ती प्रत्यक्ष दाखवून नकाशावर चढवायला लावा. पाइपांचं जाळं पाण्याखाली गेलं तरी बिघडत नाही.